योगातले ध्यान आणि बौद्ध ध्यान: फरक नेमका कोठे पडतो?

दांडियाबाजार

"ध्यान सगळीकडे सारखेच, नावे तेवढी वेगळी" हे वाक्य आपल्या बडोद्यातल्या योगवर्गांत आणि व्याख्यानमालांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटतच नाही. माझ्या मते हे वाक्य अर्धे खरे आहे. बसण्याची रीत, मन एकाग्र करण्याच्या युक्त्या, मन भरकटण्याची कारणे आणि त्यांवरचे उपाय या बाबतींत दोन्ही परंपरा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की कोणी कोणाकडून काय घेतले या वादात मला फारसे स्वारस्य नाही. मात्र एकाग्र झालेल्या मनाचे पुढे काय करायचे, या प्रश्नाशी आल्यावर वाटा फुटतात. या धाग्यात त्या ठिकाणाविषयी चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

पतंजलींनी दुसऱ्याच सूत्रात योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध असे सांगून टाकले आणि तिसऱ्या सूत्रात त्याचे फळ सांगितले: "तदा द्रष्टुः स्वरूपेऽवस्थानम्". वृत्ती थांबल्या की द्रष्टा स्वतःच्या मूळ रूपात राहतो. द्रष्टा नव्याने घडवायचा नसतो. तो आहेच, फक्त चित्ताच्या हालचालीत मिसळून गेल्यामुळे वेगळा ओळखू येत नाही. धारणा, ध्यान आणि समाधी या तिसऱ्या पादातल्या तीन अवस्था पाहिल्या तरी त्यांत एकच क्रिया अधिकाधिक दाट होत जाताना दिसते. चित्त एका ठिकाणी बांधायचे, मग त्याच प्रत्ययाचा प्रवाह अखंड ठेवायचा, आणि अखेरीस ध्यान करणाऱ्याचे भान लोपून केवळ विषयच प्रकाशत राहायचा. या मांडणीत चित्ताचे थांबणे हेच जवळजवळ सर्वस्व आहे.

आता मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहातील अरियपरियेसन सुत्त पाहावे. घर सोडल्यावर गौतम आधी आळार कालाम यांच्याकडे गेले, त्यांच्याकडून "आकिंचन्यायतन" म्हणजे "काहीच नाही" या जाणिवेत स्थिर होण्याची समापत्ती शिकले आणि ती त्यांना लवकरच साधली. कालामांनी त्यांना आपल्या बरोबरीचे मानून संघ दोघांनी मिळून चालवावा असे सुचवले. त्यानंतर उद्दक रामपुत्त यांच्याकडे त्यांनी त्याहूनही सूक्ष्म अशी "नेवसंज्ञानासंज्ञायतन" म्हणजे जाणीव आहे असेही नाही आणि नाही असेही नाही, ही अवस्था मिळवली, आणि तेथे तर त्यांना आचार्यपदच देऊ केले गेले. दोन्ही ठिकाणांहून ते निघून गेले. निघताना त्यांनी ध्यान खोटे होते असे म्हटले नाही, गुरूंवर ठपकाही ठेवला नाही. या धर्माने वैराग्य, उपशम, संबोधी किंवा निर्वाण मिळत नाही, त्या त्या आयतनात जन्म तेवढा मिळतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बोधीनंतर हा धर्म प्रथम कोणाला सांगावा असा विचार करताना त्यांच्या मनात आधी कालाम आणि मग रामपुत्त हीच नावे आली, यावरून त्या दोघांविषयीचा आदर दिसतो. दोघेही तोवर वारले होते, हा भाग निराळा.

म्हणजे जी शांतता एका वाटेवर मुक्कामाच्या अगदी जवळची आहे, ती दुसऱ्या वाटेवर सोडून पुढे जाण्याची जागा ठरली. बौद्ध मार्गात एकाग्रता मिळवायची ती मनाला धार यावी म्हणून, आणि त्या मनाने शरीर, वेदना (म्हणजे सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धर्म (म्हणजे मनात येणारे विषय) या चारींकडे ती उत्पन्न होताना आणि विरताना पाहत राहायचे. या पाहण्यात मागे बसलेला कोणी कायमचा द्रष्टा सापडत नाही, हाच त्या पाहण्याचा निष्कर्ष असतो.

जाणकारांनी ही मांडणी तपासावी. विशेषतः योगसूत्रांच्या बाजूने मी काही सुटे ठेवले असेल तर ते सांगावे.

पोथीवाला

धागा आवडला. योगसूत्रांच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट अशी की केवळ थांबणे हे पतंजलींनाही पुरेसे वाटत नाही. दुःखाच्या नाशाचा उपाय म्हणून त्यांनी दुसऱ्या पादात "विवेकख्यातिरविप्लवा" म्हणजे कधीही न ढळणारे विवेकज्ञान सांगितले आहे. पुरुष म्हणजे द्रष्टा वेगळा आणि बुद्धी वेगळी, हे स्पष्ट दिसल्याशिवाय निरोध टिकत नाही. तेव्हा "योगात थांबणे, बौद्धांत पाहणे" अशी सरळ फाळणी करणे मला मान्य नाही. पाहणे दोन्हीकडे आहे. योगी पाहून काहीतरी वेगळे काढतो आणि ते आपले म्हणून ठेवतो. बौद्ध भिक्षू पाहतो आणि "हेही माझे नाही" म्हणत प्रत्येक गोष्ट बाजूला ठेवत जातो. फरक पाहण्याच्या शेवटी जे उरते त्याविषयी आहे.

अश्वघोषाने हा वाद "बुद्धचरित" काव्याच्या बाराव्या सर्गात फार नेमका रंगवला आहे. त्यातला अराड, म्हणजे पालीतले आळार कालामच, जवळजवळ सांख्यच बोलतो. बोधिसत्त्व, म्हणजे बोधीपूर्वीचे गौतम, त्याला विचारतो की क्षेत्रज्ञ म्हणजे शरीराला जाणणारा आत्मा मुक्त झाला तरी तो शिल्लक राहतच असेल, तर बंधनाचे बीजही शिल्लक राहिले नाही का? अनुकूल ऋतू आला की बीज पुन्हा रुजेल. आक्षेप बरोबर की चूक हे बाजूला ठेवले तरी तो कोठे घेतला आहे हे पाहण्यासारखे आहे, कारण ध्यानाच्या पद्धतीबद्दल त्यात तक्रार नाही.

दुसरी गोष्ट शब्दांच्या जवळिकीची. पहिल्या पादातल्या विसाव्या सूत्रात श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा हे उपाय सांगितले आहेत. पालीतल्या पाच इंद्रियांची, म्हणजे साधकाच्या पाच आंतरिक शक्तींची, यादी हीच आहे, क्रमासकट. तेहेतिसाव्या सूत्रातील मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे बौद्धांचे चार ब्रह्मविहारच. सतराव्या सूत्रात संप्रज्ञात समाधीची अंगे म्हणून वितर्क आणि विचार येतात, आणि पालीत पहिल्या ध्यानाची अंगेही वितक्क आणि विचार यांपासूनच सुरू होतात. इतके एकत्र पाहिल्यावर या दोन मंडळींनी एकमेकांच्या शाळेत बरेच बसून घेतले होते, याविषयी मला शंका उरत नाही.

आता बडोदेकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. बौद्ध ध्यान म्हणजे श्वास आणि हिंदू ध्यान म्हणजे मूर्ती, अशी जी एक समजूत आहे, तिला उत्तर आपल्याच गावातून गेलेले आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत विनयतोष भट्टाचार्य यांनी संपादिलेली "साधनमाला" दोन भागांत 1925 आणि 1928 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 312 साधना आहेत. साधक प्रथम सर्व शून्य आहे अशी भावना करतो, त्या शून्यातून एक बीजाक्षर उमटते, त्या अक्षरातून तारा किंवा मंजुश्री यांसारखी देवता हात, आयुधे, रंग आणि आसन यांसह साकार होते, आणि ती देवता म्हणजे मीच, अशी भावना साधक करतो. आपल्याकडे पूजेच्या आरंभी "ध्यायेन्नित्यं महेशं रजतगिरिनिभम्" म्हणताना हेच घडणे अपेक्षित असते. "देवो भूत्वा देवं यजेत्" हे वचनही आपल्या तोंडी असते. मात्र साधनेच्या शेवटी बौद्ध साधक ती देवता पुन्हा शून्यात विरवून टाकतो, आणि आपण अक्षता वाहून तिला स्वस्थानी पाठवतो. मघाचाच फरक येथे पूजेच्या रूपात दिसतो.

विश्वामित्रीकाठ

दोघांचेही लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण वाचताना असे वाटत राहिले की ध्यान म्हणजेच बौद्ध धर्म, हे येथे गृहीत धरले जात आहे. मी बौद्ध घरात वाढले. आमच्या घरी त्रिशरण आणि पंचशील होते, वंदना होती, वर्षावासात ग्रंथवाचन होते. डोळे मिटून तासभर बसणारे कोणी नव्हते. यात काही उणे होते असे आम्हांला वाटत नसे, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही नव्हते. गृहस्थाला दिलेला उपदेश सुत्तांत ज्या क्रमाने येतो तो दान, शील आणि स्वर्ग यांपासून सुरू होतो. थेरवादी देशांतही गावोगावचे उपासक शतकानुशतके दान देत आले, उपोसथ पाळत आले, आणि ध्यान हे प्रामुख्याने अरण्यात राहणाऱ्या भिक्षूंचे काम समजले गेले. सर्वसामान्य गृहस्थांनी मोठ्या संख्येने विपश्यनेला बसावे ही चळवळ अलीकडची, ब्रह्मदेशातली आहे. लेडी सयाडो (1846 ते 1923) यांनी तिला जोर दिला, सरकारी नोकरीत राहून शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांनी ती पुढे नेली, आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 साली ती घेऊन भारतात आले. इगतपुरीचे केंद्र त्यानंतरचे.

बाबासाहेबांनी ध्यानाला कोठे ठेवले, हा प्रश्न आमच्या समाजात आजही तावातावाने विचारला जातो. "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात गौतम समाधिमार्ग शिकतात, त्याची परीक्षा घेतात आणि बोधीपूर्वी चिंतनाला बसतात. म्हणजे त्यांनी ध्यान गाळले असे म्हणता येत नाही. मात्र त्यांच्या मांडणीत धम्माचे केंद्र माणसामाणसांतील वर्तनात आहे आणि जगातले दुःख दूर करणे हा त्याचा हेतू आहे. ज्या माणसाला याच बडोद्यात नोकरीवर असताना राहायला घर मिळाले नाही आणि ज्याने 1917 साली कमाटीबागेत झाडाखाली बसून आपल्या समाजासाठी संकल्प केला, त्याने दुःखाचे कारण केवळ स्वतःच्या मनात शोधा असे सांगितले असते तरच आश्चर्य वाटले असते. आमच्यातले काही जण विपश्यनेला म्हणून विरोध करतात, काही जण तिला धम्माचे अंग मानून दरवर्षी शिबिराला जातात. मी दुसऱ्या गटात मोडते, पण पहिल्या गटाचे म्हणणे मला उडवून लावण्यासारखे वाटत नाही.

मराठीतून बौद्ध ध्यान शिकायचे तर आपल्याला धर्मानंद कोसंबींकडे जावे लागते, आणि त्यातही बडोद्याचा वाटा आहे. गोव्यातल्या साखवाळच्या या माणसाने सिलोनला जाऊन 1902 साली दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंबरोबर राहून ध्यानाचा अभ्यास केला. कलकत्त्याची नोकरी सोडून महाराष्ट्रात राहून लिहावे म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले. त्यांचे "समाधिमार्ग" हे पुस्तक 1925 सालचे, म्हणजे "साधनमाले"चा पहिला भाग निघाला त्याच वर्षीचे. शंभर वर्षांपूर्वी बौद्ध ध्यानाचे सगळे प्रकार मराठीत सरळ भाषेत उपलब्ध होते, ही गोष्ट आपल्या योगवर्गांच्या कानांवर घालायला हवी.

माळकरी

विश्वामित्रीताईंनी बौद्धांच्या बाजूने जे सांगितले, तेच मी वारकऱ्यांच्या बाजूने सांगतो. हिंदू धर्म म्हणजे पतंजली, हे समीकरण कोणी केले? गीतेच्या बाराव्या अध्यायात अभ्यासाहून ज्ञान श्रेष्ठ, ज्ञानाहून ध्यान श्रेष्ठ, असे चढत जाऊन भगवंत ध्यानापाशी थांबत नाहीत. ध्यानाहून कर्मफलाचा त्याग श्रेष्ठ, असे म्हणतात.

ज्ञानेश्वर महाराजांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. सहाव्या अध्यायावर बोलताना ते आसनाची जागा कशी असावी यापासून सुरुवात करतात आणि पुढे मूळ श्लोकांत नसलेली कुंडलिनी घेऊन येतात. "नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें" ही ओवी वाचल्यावर हे वर्णन ऐकीव आहे असे कोणी म्हणणार नाही. पुढे "पिंडें पिंडाचा ग्रासु" हा नाथपंथाचा संकेत आहे असे ते स्वतःच सांगून टाकतात. ज्याच्या घरात योगाची ही परंपरा चालत आली, तोच माणूस हरिपाठात "योगयागविधी येणें नोहे सिद्धि । वायांचि उपाधि दंभधर्म" असे म्हणतो. माझ्या समजुतीप्रमाणे यात विसंगती नाही. सहावा अध्याय योग्याला काय साधते ते सांगतो. हरिपाठ शेतकऱ्याला, दळणकांडण करणाऱ्या बाईला आणि माझ्यासारख्या दुकानदाराला काय झेपेल ते सांगतो.

म्हणून "हिंदू धर्मात ध्यानाचे स्थान काय?" याला एक उत्तर नाही. मीमांसकाला विचारावे तर कर्म पुढे येईल, आमच्या फडावर विचारावे तर नाम पुढे येईल.

दांडियाबाजार

विश्वामित्रीताई आणि माळकरीबुवा, दोघांचे आक्षेप योग्य जागी लागले आहेत. माझा प्रश्न ध्यान करणाऱ्यांपुरता होता. ध्यान न करणाऱ्यांचा धर्म कमी प्रतीचा, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. स्वामी विवेकानंदांचा "राजयोग" 1896 साली निघाला आणि त्यानंतर पतंजलींची सूत्रे शिकलेल्या वर्गाच्या हातांत गेली. हिंदू धर्माचा गाभा ध्यान आहे, ही आजची समजूत बरीचशी त्या सुमारास घडली, असे मलाही वाटते.

नवसाधक

मी या विषयात नवखा आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. आई-वडिलांनी लावलेल्या सवयीमुळे मी जप करतो आणि आता एका वर्गात श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले आहे. तेथील शिक्षक म्हणतात की जप बंद करा, नाहीतर दोन्ही बिघडेल. घरचे म्हणतात की वर्ग बंद करा. या चर्चेतून एवढे कळले की दोन्हींचे अंतिम हेतू वेगळे आहेत. पण सुरुवातीलाच मी निवड कशाच्या आधारावर करावी?

विश्वामित्रीकाठ

नवसाधक, प्रश्न बाळबोध नाही; बुद्धघोषांनी पाचव्या शतकात त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत.

"विसुद्धिमग्ग" या त्यांच्या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय आहेत आणि ते सरसकट सगळ्यांना द्यायचे नसतात. आधी माणसाचा स्वभाव पाहायचा: रागप्रधान (राग म्हणजे येथे आसक्ती), द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाप्रधान, बुद्धिप्रधान किंवा वितर्कप्रधान. स्वभाव ओळखावा कसा, तर त्याच्या साध्या हालचालींवरून. तो झाडलोट करतो कशी ते पाहावे. रागप्रधान माणूस झाडू नीट धरून, घाई न करता, एकसारखे झाडतो. द्वेषप्रधान माणूस झाडू आवळून धरतो, दोन्ही बाजूंना वाळू उडवतो आणि खरखरीत आवाज करत झाडतो. मोहप्रधानाचे झाडणे सैल आणि अर्धवट असते. चालण्याचेही असेच वर्णन आहे. त्यानंतर निवासाची जागा सांगितली आहे, आणि तो भाग वाचताना मला दर वेळी हसू येते: रागप्रधान भिक्षूला धुळीने भरलेली, वटवाघळांनी व्यापलेली, मोडकळीस आलेली जागा द्यावी, म्हणजे त्याला तिचा मोह पडणार नाही, आणि द्वेषप्रधानाला मात्र सावली, पाणी आणि बेताची उंची असलेली नेटकी जागा द्यावी, म्हणजे त्याला चिडायला कारण मिळणार नाही.

त्याप्रमाणे द्वेषप्रधानाला मैत्री आदी ब्रह्मविहार, रागप्रधानाला देहाच्या अशुभत्वाचे चिंतन, आणि ज्याचे मन सतत विचारांत धावते त्याला श्वास. श्रद्धाप्रधान माणसासाठी बुद्धादिकांचे अनुस्मरण सांगितले आहे, आणि तुमचा जप पद्धतीच्या दृष्टीने त्याला सर्वांत जवळचा आहे. तेव्हा "नामस्मरणाने ध्यान बिघडते" असे म्हणायला बौद्ध परंपरेत सरसकट आधार नाही. एका बैठकीत दोन विषय मिसळू नयेत, एवढे शिक्षकांचे म्हणणे मात्र रास्त आहे. गोयंकांच्या शिबिरातही शिबिर चालू असेपर्यंत इतर साधना बाजूला ठेवायला सांगतात.

विषय चुकला तर काय होते, याविषयी संयुत्तनिकायात एक कठोर प्रसंग आहे. वेसालीला बुद्धांनी अशुभभावनेची प्रशंसा केली आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. परत आल्यावर त्यांना भिक्षुसंघ विरळ झालेला दिसला, कारण देहाची किळस येऊन अनेकांनी स्वतःचा अंत करून घेतला होता. दुसरा काही उपाय सांगावा अशी विनंती त्यांचा शिष्य आनंद याने केली, तेव्हा बुद्धांनी आनापानसती म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणे सांगितले. ध्यान निरुपद्रवी असते असे सांगणाऱ्या प्रत्येक वर्गाच्या दारावर हा प्रसंग लिहून लावावा असे मला वाटते. मनाचा जुना त्रास असेल, झोप उडत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि मगच लांब बैठकी कराव्यात.

माळकरी

आमच्याकडे हीच निवड इष्टदेवतेच्या रूपाने होते. पतंजलींनीही "यथाभिमतध्यानाद्वा" म्हणून मोकळीक दिलेली आहे: जे आवडेल त्याचे ध्यान करा. फरक एवढाच दिसतो की तेथे गुरू माणसाचा दोष पाहून औषध देतो, येथे माणसाची आवड पाहून.

पोथीवाला

माळकरीबुवांचे निरीक्षण मार्मिक आहे, पण "विसुद्धिमग्गा"तले काही विषय सर्वच स्वभावांना चालतात. पृथ्वी-कसिण हा त्यांतला एक. अरुणोदयाच्या रंगाची माती घेऊन तिचे एक वीत चार अंगुळे व्यासाचे गुळगुळीत मंडल करायचे, त्यापासून अडीच हात अंतरावर बसायचे, डोळे फार मोठे न करता त्याकडे पाहायचे आणि "पृथ्वी, पृथ्वी" असे मनात म्हणायचे. हठयोगातल्या त्राटकाची येथे आठवण होते, पण "हठयोगप्रदीपिके"त त्राटक शुद्धिक्रियांत मोजलेले आहे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत टक लावायला सांगितले आहे. कसिणात डोळे ताणायला सक्त मनाई आहे. कारण मातीचे मंडल केवळ निमित्त असते. डोळे मिटल्यावर ते जसेच्या तसे दिसू लागले की मंडल सोडून जागेवर परतायचे आणि मनातल्या प्रतिमेवर काम करायचे.

दांडियाबाजार

मूळ मुद्द्याकडे वळून एक प्रसंग चर्चेला ठेवतो. तो माझ्या परिसरातला आहे आणि माझी मांडणी त्यावर तपासून पाहता येईल.

अरविंद घोष 1893 ते 1906 बडोद्यात होते. प्राणायाम त्यांनी येथेच, 1904 च्या सुमारास सुरू केला होता. त्याने प्रकृती सुधारली, कविता झरझर सुचू लागली, पण त्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली गेली आणि तेथून ते बडोद्याला आले. दांडिया बाजारातील खासेराव जाधव यांच्या घरी त्यांची विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी भेट झाली. त्यानंतर सरदार मजुमदार यांच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली युक्ती साधी होती. बसा आणि पाहा. विचार आतून उठत नाहीत, बाहेरून येतात. ते आत शिरण्यापूर्वीच परतवून लावा. अरविंदांनी तसे केले आणि त्यांचे मन पूर्णपणे निःशब्द झाले. पुढे जानेवारी 1908 मध्ये मुंबईच्या सभेत बोलायला उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा मनात एकही विचार नव्हता. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, भाषण आपोआप येईल, असे लेल्यांनी सांगितले, आणि तसेच घडले.

गंमत पुढे आहे. लेले भक्तिमार्गी होते, त्यांना सगुण ईश्वराचा साक्षात्कार अपेक्षित होता आणि अद्वैताविषयी त्यांना प्रेम नव्हते. अरविंदांना आला तो निर्गुण, जग चित्रासारखे पोकळ भासवणारा अनुभव, आणि त्याला त्यांनी "निर्वाण" असेच नाव दिले. पुढे आपली वाट त्यांनी तेथेच संपवली नाही.

गुरू दत्तभक्त, शिष्य उपनिषदे वाचणारा, फळाचे नाव बौद्ध! मग हे कोणते ध्यान म्हणायचे? मला वाटते की पद्धत माणसाला एका शांततेपर्यंत नेते आणि त्या शांततेचा अर्थ त्याची परंपरा लावते. तसे असेल, तर दोन्हींमधला फरक ध्यानात नसून ध्यानानंतरच्या विचारात आहे, असे म्हणावे लागेल.

पोथीवाला

प्रसंग उत्तम आहे, निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

आधी पद्धतीविषयी. विचार परतवून लावणे बौद्धांनाही परके नाही. मज्झिमनिकायातल्या वितक्कसंठान सुत्तात त्रासदायक विचार घालवण्याचे पाच उपाय चढत्या क्रमाने आहेत. कुशल सुतार जशी बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसा चांगल्या विचाराने वाईट विचार काढावा, येथून सुरुवात होते आणि अखेरीस दातांवर दात रोवून, जीभ टाळूला लावून मनाने मन दाबावे येथपर्यंत मजल जाते. योगसूत्रातील "वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्" हा त्यातलाच पहिला उपाय. सतिपट्ठानात, म्हणजे शरीर, वेदना, चित्त आणि धर्म यांकडे पाहत राहण्याच्या साधनेत, मात्र रागयुक्त चित्त आले तर ते रागयुक्त आहे असे जाणायचे. त्याला हाकलायचे नाही. तेव्हा लेल्यांची युक्ती बुद्धांनाही ठाऊक असलेल्या उपायांच्या जातीची आहे, पण सतिपट्ठानाची नाही.

आता तुमच्या "ध्यानानंतरचा विचार" या मुद्द्याविषयी. अट्ठकनागर सुत्तात आनंद सांगतो की भिक्षू पहिल्या ध्यानात प्रवेश करतो आणि मग असा विचार करतो: हे पहिले ध्यानही घडवलेले आहे, चेतनेने रचलेले आहे, आणि जे घडवलेले आहे ते अनित्य आहे, निरोध पावणारे आहे. दुसऱ्या ध्यानाविषयी हेच, तिसऱ्याविषयी हेच, मैत्रीच्या विहाराविषयी हेच, आणि जी अवस्था कालामांनी शिकवली होती त्या आकिंचन्यायतनाविषयीही हेच. हा विचार व्याख्यान देताना नंतर सुचलेला नाही. शांततेत बसलेल्या माणसाने त्या शांततेवरच चालवलेली ती परीक्षा आहे आणि तीसुद्धा ध्यानाचाच भाग आहे. वेदान्ती त्याच ठिकाणी उलट बाजूने परीक्षा घेतो: ही शांतता आली हे कोणी जाणले, आणि जो जाणतो तो आला-गेला का? मजुमदारांच्या वाड्यातल्या त्या खोलीत यांतला कोणता प्रश्न विचारला गेला असता, त्यावर पुढची वाट ठरली असती. लेल्यांनी दोन्ही विचारले नाहीत, कारण ते तिसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होते.

विश्वामित्रीकाठ

पोथीवालाकाका, अट्ठकनागर सुत्ताची आठवण दिलीत हे फार बरे झाले. एक पुरवणी जोडते. ज्याला आनंद हे सांगतो तो दसम नावाचा गृहस्थ आहे, भिक्षू नव्हे. तो अकरा अवस्थांचे वर्णन ऐकून म्हणतो की मी एक गुप्त धनाचे दार शोधत होतो आणि मला एकदम अकरा सापडली. मग तो संघाला जेवण घालतो, प्रत्येकाला वस्त्रांची जोडी देतो आणि आनंदासाठी निवास बांधवतो. तो स्वतः ध्यानाला बसला की नाही, हे सुत्तात सांगितलेले नाही.